शाळा ‘आपली’ वाटावी म्हणून

एका पावसाळ्यात सात वर्षांचा एक मुलगा आजीचे बोट धरून माझ्या दवाखान्यात आला. लातूरकडील एका खेड्यातून हे कुटुंब त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिंचवडला राहायला आले होते. आई-वडील दोघेही कामावर जात. सकाळी नातवाला शाळेत सोडणे आणि दुपारी घरी आणणे हे आजींकडे होते.

“लेकराचं पोट दुखायलंय बगा, डॉक्टरबाई. रोज सकाळीच दुखायलंय,” आजी म्हणाल्या.

मी मुलाला तपासले. पोट मऊ होते, ताप नव्हता, वजन वयाला साजेसे होते. जंतांचे औषध लिहून दिले. पंधरा दिवसांनी ती दोघे पुन्हा आली, तेव्हा पोटातील कळ थांबवणारे औषध दिले. तिसऱ्या खेपेस लघवीची व शौचाची तपासणी आणि सोनोग्राफी करून घेतली. सर्व अहवाल निर्दोष आले. खर्च मात्र त्या घराच्या मानाने थोडा नव्हता.

चौथ्या खेपेस मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. “रविवारी दुखतं का?” आजींनी क्षणभर विचार केला. “रविवारी काय बी न्हाई. गणपतीच्या सुट्टीत बी न्हवतं. शाळंला जायाचं म्हनलं की सुरू.”

मुलगा खाली मान घालून बसला होता. मी आजींना बाहेर बसायला सांगितले आणि त्याच्याशी इकडचे तिकडचे बोलत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने सांगितले. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याला विचारले होते, काय करतोस? तो म्हणाला, “गणित करायलोय.” सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचे नावच ‘करायलोय’ पडले. डबा खाताना, रांगेत उभे राहताना, मैदानावर, सगळीकडे तेच. त्याने हळूहळू बोलणेच सोडले. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही तो गप्प राहत असे.

ऐकताना मला एक गोष्ट आठवली आणि मी ओशाळले. पहिल्या दिवशी आजींचे ‘दुखायलंय’ ऐकून मीही हसले होते. माझ्या हसण्यात दुष्टावा नव्हता. वर्गातील मुलांच्या हसण्यातही बहुधा नसावा. पण ज्याच्यावर हसले जाते, त्याला तो फरक कळत नाही. आपण इथले नाही, एवढेच त्याला कळते.

(ही हकीकत आजींच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पोटदुखी खोटी नसते

अशा वेळी घरातील मोठी माणसे चटकन म्हणतात, “नाटकं करतोय, शाळेत जायचं नाही म्हणून.” तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात मी हे वाक्य असंख्य वेळा ऐकले आहे. ते चुकीचे आहे आणि मुलाला एकटे पाडणारे आहे.

जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील साधारण दहापैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होत असे आणि त्यांतील बहुसंख्य मुलांत कोणताही शारीरिक आजार सापडला नाही. आज वैद्यकशास्त्रात अशा दुखण्याला कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. आतडे आणि मेंदू यांच्यामध्ये मज्जातंतूंचे दाट जाळे असते. भीती, लाज किंवा ताण यांमुळे आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवणार नाहीत अशा संवेदनाही वेदना म्हणून जाणवू लागतात. परीक्षेच्या आधी शौचास लागणे हा आपणा सर्वांचा अनुभव त्याच जातीचा. म्हणजे मुलाची वेदना खरी असते. तिचे कारण मात्र पोटात शोधून सापडत नाही.

तरीही पोटदुखी मानसिक आहे असे घरच्या घरी ठरवू नये. पुढीलपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये: वजन घटणे किंवा उंची-वजन वाढायचे थांबणे, वारंवार ताप, शौचातून रक्त, सतत उलट्या किंवा हिरवट उलटी, लघवीची जळजळ, कावीळ, झोपेतून उठवणारी वेदना, आणि बेंबीपासून दूर, विशेषतः पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस एकाच जागी दुखणे. यांपैकी काहीच नसेल, दुखणे बेंबीभोवती असेल आणि सुट्टीच्या दिवशी नाहीसे होत असेल, तर डॉक्टरांच्या तपासणीबरोबर शाळेचीही विचारपूस करावी.

आपलेपणा म्हणजे नेमके काय?

‘आपलेपणा’ हा शब्द आपण भावनेच्या भरात वापरतो. संशोधकांनी त्याचा अर्थ अधिक नेमका केला आहे. अमेरिकी अभ्यासक कॅरल गुडनाऊ यांनी १९९३ मध्ये शाळेविषयीच्या आपलेपणाची मोजपट्टी तयार केली. तिच्या मुळाशी चार गोष्टी आहेत. शाळेत आपला स्वीकार झाला आहे, आपला आदर राखला जातो, आपल्याला सामील करून घेतले जाते आणि अडचणीत आपल्याला आधार मिळतो, असे मुलाला वाटते का? त्याच दशकात, १९९५ मध्ये, रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की कोणाच्या तरी समूहात असणे ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती अपुरी राहिली तर मनाबरोबर शरीरही त्रास भोगते.

माझ्या दवाखान्यातील अनुभवावरून मी ते आणखी सोप्या शब्दांत सांगेन. आज आपण गेलो नाही, तर कोणाच्या तरी लक्षात येईल का? आपण गेलो, तर आपल्यावाचून अडेल असे एखादे तरी छोटे काम तिथे आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर मूल शाळेत रुजते. हे दोन प्रश्न मी मुलाविषयी लिहिले. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना ते स्वतःविषयीही वाचता येतील.

त्या मुलाच्या आजींच्या बाबतीत मला ते जरा उशिराच सुचले. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, झोप येत नव्हती, गुडघे दुखत होते. गोळ्या लिहिता लिहिता मी विचारले, “दिवसभर काय करता?” त्या म्हणाल्या, “काय करनार? गॅलरीत बसून गाड्या बगते. हितं बोलावं कुनासंगं?” गावी दारावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांना हाक मारीत असे. इथे शाळेच्या फाटकाशी दररोज वीस मिनिटे उभ्या राहूनही त्यांची कोणाशी ओळख झाली नव्हती. फाटकाच्या आत नातू गप्प आणि फाटकाच्या बाहेर आजी गप्प, अशी स्थिती होती.

मुलाने बदलायचे, की शाळेने?

असे मूल समोर आले की पहिला सल्ला बहुधा ‘त्याची भाषा सुधारा’ असाच असतो. त्या मुलाच्या वडिलांनीही घरात फर्मान काढले होते की यापुढे पुण्यासारखेच बोलायचे. त्याचा परिणाम असा झाला की मुलगा घरीही आजीशी कमी बोलू लागला. प्रमाण मराठी त्याला यथावकाश येणारच होती. शाळेचे ते कामच आहे. पण आजीची बोली ही लाजेची गोष्ट आहे असे एकदा मनात बसले, की मूल शाळेत परके राहतेच, शिवाय घरातही परके होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द व ती कल्पना उभी राहिली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. महागड्या साधनांऐवजी परिसरातील बिया, पाने, शंख-शिंपले ही शिकण्याची साधने झाली. मुलाच्या घरचे जे आहे, ते शाळेत मानाने आले. आपलेपणाचे सारे शास्त्र मला या एका कृतीत दिसते.

एका वर्गात काय घडले

मी आजींच्या परवानगीने औषधाच्या चिठ्ठीवरच वर्गशिक्षिकेला चार ओळी लिहिल्या. दोन दिवसांनी बाई स्वतः दवाखान्यात आल्या. त्यांच्या वर्गाच्या पटावर अडतीस मुले होती. चिडवण्याचा प्रकार त्यांच्या कानावर आला होता, पण तो इतका खोल गेला असेल असे त्यांना वाटले नव्हते. आम्ही दोघींनी एकमेकींना आपापली चूक सांगितली आणि मग बोलणे सोपे झाले.

बाईंनी वर्गापुढे भाषण केले नाही. तसे केले असते तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच मुलावर खिळल्या असत्या. चिडवण्यात पुढे असणाऱ्या दोन मुलांशी त्या एकेकट्याने बोलल्या. मुलाची जागा बदलून त्याला एका शांत, मायाळू मुलीशेजारी बसवले. आणि त्याला एक काम दिले. दररोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात ‘पट’ आणि ‘हजर’ यांचे आकडे लिहायचे, कोण आलेले नाही ते बाईंना सांगायचे, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी आले की ‘काल का आला नाहीस?’ असे विचारायचे. ज्याची कोणी दखल घेत नव्हते, त्याच्याकडेच इतरांची दखल घेण्याचे काम आले.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती ‘घरचा शब्द’. दर शनिवारी प्रत्येक मुलाने घरी मोठ्या माणसांना विचारून एक असा शब्द आणायचा, जो वर्गातील इतरांना ठाऊक नसेल. तो कागदावर लिहून भिंतीवर लावायचा. खानदेशातील घरातून एक शब्द आला, कोकणातून दुसरा, एका कानडी घरातून तिसरा, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलीने चौथा आणला. आमच्या या मुलाने तीन आठवडे काहीच आणले नाही. चौथ्या शनिवारी त्याने आजीला विचारून ‘माळवद’ हा शब्द नेला. मातीच्या सपाट छताच्या घराला मराठवाड्यात माळवद म्हणतात. त्यावर चढून झोपता येते, तिथे धान्य वाळत घालतात, हे त्याने वर्गाला सांगितले. किती वाक्ये बोलला, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “चार. पण जूनपासूनची पहिली चार.”

मग बाईंनी आजींनाच एका शनिवारी वर्गात बोलावले. ही भेट काही एखाद्या कथेसारखी रंगली नाही. आजी खुर्चीवर बसल्या, पदर तोंडाशी धरला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. नातू बाकावर मान खाली घालून बसला. बाईंना वाटले, आपण उगाच बोलावले. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “आजी, माळवदावरून पाऊस आत येत नाही का?” हा प्रश्न आजींच्या माहितीतला होता. पांढरी माती कशी अंथरतात, पावसाआधी छत कसे पाहून घेतात, गळू लागले की घरातील सगळी भांडी कशी मांडतात, हे त्यांनी सांगितले. मग दोन कोडी घातली. तास संपला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “आजी, परत यायलाव का?” तो चिडवणाऱ्यांपैकीच एक होता. या वेळी वर्ग हसला तेव्हा आजीही हसल्या. नातूही हसला, असे बाईंनी मला सांगितले.

पोटदुखी त्या दिवशी थांबली असे मी सांगणार नाही. आजींनी भिंतीवरील दिनदर्शिकेत दुखलेल्या दिवसांवर खूण करण्याचे ठरवले होते. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीन खुणा होत्या. दिवाळीनंतर त्या तुरळक झाल्या. एका मुलाच्या तोंडी ‘करायलोय’ हे नाव वर्षअखेरपर्यंत राहिले. पण मधल्या सुट्टीत डबा खायला आता दोन मित्र होते आणि सकाळी आकडे लिहायला वेळेवर पोचणे भाग होते. आजींचा रक्तदाब आजही गोळीनेच आटोक्यात आहे. झोप मात्र सुधारली आहे आणि शाळेच्या फाटकाशी त्यांना आता नावाने हाक मारली जाते.

आजी-आजोबांच्या प्रकृतीचा प्रश्न

एकटेपणा हा केवळ मनाचा विषय नाही. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या कालावधीत हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सामाजिक संबंधांच्या प्रश्नासाठी स्वतंत्र आयोग नेमला.

प्राथमिक शाळा आणि ज्येष्ठ नागरिक यांना एकत्र आणण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला आहे. ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या उपक्रमात साठीपुढील स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन सार्वजनिक प्राथमिक शाळांत आठवड्याला सुमारे १५ तास काम करीत. मुलांना वाचनात मदत करणे, ग्रंथालय सांभाळणे, मुलांमधील भांडणे सोडवण्यास मदत करणे अशी ती कामे होती. १२८ ज्येष्ठांच्या सुरुवातीच्या अभ्यासात, २००४ मध्ये, असे दिसले की स्वयंसेवकांची शारीरिक हालचाल वाढली, दूरचित्रवाणीसमोरचा वेळ घटला आणि अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल अशा माणसांची संख्या वाढली. हा उपक्रम शिस्तबद्ध होता, त्यात प्रशिक्षण होते आणि ज्येष्ठांच्या कामाला मान होता, हे लक्षात घ्यावे. नातवाचे दप्तर खांद्यावर घेऊन ने-आण करण्याने आपोआप तोच लाभ होईल, असे नाही.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या आणि नातवंडे त्यांना घरी अभ्यासात मदत करू लागली. शाळा हे केवळ मुलांचे ठिकाण नसून गावाचे ठिकाण आहे, हे त्या गावाने दाखवून दिले.

आपण काय करू शकतो?

पुढील गोष्टी मी माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांना सांगते.

१. प्रश्न बदला. ‘आज काय शिकवलं?’ याचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ असे येते. त्याऐवजी ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’, ‘आज कोण आलं नव्हतं?’, ‘कोणी कोणाला मदत केली?’ असे विचारावे. सलग काही दिवस ‘एकट्याने खाल्ला’ हे उत्तर आले, तर ते गांभीर्याने घ्यावे.

२. नातवंडाच्या चार वर्गमित्रांची नावे लक्षात ठेवा. फाटकाशी ‘काय रे, खोकला बरा झाला का?’ असे एका परक्या मुलाला विचारणे हेही शाळेचे कामच आहे.

३. फाटकाशी पाच-दहा मिनिटे लवकर जा आणि एकट्या उभ्या असलेल्या माणसाशी आपणहून बोला. नवीन आलेली आई किंवा आजी तिथे हमखास असते.

४. मुलादेखत शिक्षकांची निंदा करू नका. तक्रार असेल तर शिक्षकांनाच भेटून, शांतपणे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘तुमचं लक्ष नाही’ यापेक्षा ‘गेले दोन आठवडे तो डबा एकट्याने खातो, तुम्हाला काही दिसलं का?’ हे अधिक उपयोगी पडते.

५. आपली बोली, आपली गाणी, आपले पदार्थ घरात मोकळेपणाने वापरा. मुलाला दोन बोली येणे ही संपत्ती आहे.

६. आपल्याला जे येते ते शाळेला सांगा. गोष्ट सांगणे, पुस्तकांना कव्हर घालणे, बागेत रोपे लावणे, बटण शिवायला शिकवणे, सुतारकाम दाखवणे, काहीही चालेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्वयंसेवक, माजी विद्यार्थी व निवृत्त व्यक्ती यांना शाळांशी जोडण्याची कल्पना आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या मुलांना किंवा सुनांना या समितीत जायला प्रोत्साहन द्यावे.

काही पथ्येही पाळावीत. शाळेची परवानगी आणि शिक्षकांची उपस्थिती यांशिवाय मुलांमध्ये जाऊ नये. शाळेने ओळखपत्र मागितले तर अपमान मानू नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे. दुसऱ्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय खाऊ देऊ नये, कारण एखाद्याला शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असू शकते. सर्दी-ताप असताना वर्गात जाऊ नये. साठीनंतर फ्लूची लस दरवर्षी घेण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागून घ्यावी, जमिनीवर बसण्याचा आग्रह धरू नये. दुपारची गोळी, पाणी आणि मधुमेह असल्यास थोडी साखर जवळ ठेवावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांना नातवंडांचे करायला आवडते हे खरे. तरीही त्यांना एकदा विचारावे. ने-आण, डबा, शिकवणी, दुपारची झोप, हे सारे एकाच माणसावर पडले तर ते आपलेपण उरत नाही, ती राबणूक होते. दम लागणे, पायावर सूज, चक्कर, सतत थकवा ही लक्षणे आजी-आजोबा ‘मुलाला कोण आणणार?’ या काळजीने लपवतात, हे मी वारंवार पाहिले आहे. आठवड्यातून एक दिवस तरी त्यांना या कामातून पूर्ण सुट्टी असावी. त्यांना ‘आज जमणार नाही’ असे निःसंकोचपणे म्हणता आले पाहिजे.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांचीही शाळेशी गाठ पडू शकते. पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेल्या माझ्या एका रुग्णाची नात दररोज दुपारी त्यांच्या उशाशी बसून धडा मोठ्याने वाचते. आजोबांना स्पष्ट बोलता येत नाही. चुकले की ते डाव्या हाताने पलंगावर एकदा टकटक करतात. शाळेत वाचनासाठी शाबासकी मिळाली, तेव्हा त्या मुलीने वर्गात सांगितले की माझे आजोबा मला शिकवतात. मोबाइलवर गोष्ट ध्वनिमुद्रित करून देणे, मुलांच्या ‘तुमच्या लहानपणी शाळा कशी होती?’ या प्रश्नांना उत्तरे देणे, वर्गासाठी कागदी पिशव्या घडी करून ठेवणे, असे पुष्कळ काही पडून किंवा बसून करता येते. ज्यांचे विस्मरण वाढत चालले आहे, त्यांनाही लहानपणीची बडबडगीते बहुधा आठवतात. मुलांना ती हवी असतात.

मागच्या महिन्यात ते आजी-नातू पुन्हा आले होते. या वेळी आजींना खोकला होता आणि नातू त्यांना घेऊन आला होता. तो आता चौथीत आहे. मी आजींची छाती तपासत असताना तो बाजूला उभा राहून बारकाईने पाहत होता. “डॉक्टर, शनिवारपर्यंत बरी होईल ना?” त्याने विचारले. “शाळेत यायचंय तिला. पहिलीची मुलं वाट बघायलीत.”

मी औषध लिहिले, तीन दिवस विश्रांती सांगितली आणि खोकला थांबेपर्यंत पहिलीच्या वर्गात जायचे नाही, असेही सांगितले. आजी जरा हिरमुसल्या. “मग पुढच्या शनिवारी,” नातवाने परस्पर ठरवून टाकले. “मी सांगतो बाईंना.”